यादीत नाव टिकवणं: फूटीच्या व्यवसायाची वाट

एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, इथल्या बोलीत फूटीची, सर्वोच्च लीग. तिच्यात आज 18 क्लब आहेत, 2028 पासून टास्मानियाचा 19वा येणार आहे. एकेका क्लबच्या यादीत रुकी, म्हणजे कमी मुदतीच्या करारावरचे खेळाडू, धरून चाळीस-बेचाळीस, फार तर चव्वेचाळीस नावं. म्हणजे अख्ख्या ऑस्ट्रेलियात पुरुषांच्या फूटीवर पूर्णवेळ पोट भरणारे साधारण 800 जण. दर नोव्हेंबरात राष्ट्रीय ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडायच्या पद्धतीतून, साठ-सत्तर नवी मुलं आत येतात आणि जवळपास तितकीच जुनी नावं कापली जातात, कारण यादी लांबत नाही. या व्यवसायातलं बहुतेक सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. निवड एकदा होऊन संपत नाही, ती दरवर्षी नव्यानं होते आणि प्रत्येक टप्प्यावर पाहणारे लोक वेगळे, त्यांना हवं असतं तेही वेगळं.

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, विंडम वेल या पट्ट्यात मराठी घरं आता पुष्कळ आहेत. क्रिकेटची शिडी आपल्याला पाठ असते. फूटीची कोणालाच ठाऊक नसते, आणि मूल बारा-तेरा वर्षांचं होऊन चांगलं खेळायला लागलं की आईबाप गोंधळतात. मुलाबरोबर या वाटेनं जाताना आणि ज्युनियर संघाची टीम मॅनेजर म्हणून काम करताना जे कळत गेलं, ते इथे लिहिते आहे.

खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लंबगोल मैदान, 135 ते 185 मीटर लांब. एका बाजूला 18 खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेनं चेंडू गेला की गोल, 6 गुण. बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, 1 गुण. ऑफसाइड नाही. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण दर 15 मीटरला तो जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. फेकायची परवानगी नाही. एका तळव्यावर चेंडू ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसा मारून द्यायचा, तो हँडबॉल. लाथेनं 15 मीटर किंवा जास्त आलेला चेंडू कोणाचा हात न लागता हवेत पकडला की मार्क, आणि मग अडथळ्याशिवाय लाथ मारायला मिळते. चार क्वार्टर, प्रत्येकी 20 मिनिटांचे, पण थांबलेला वेळ धरला की अर्ध्या तासाच्या आसपास जातात. मधल्या फळीचा खेळाडू एका सामन्यात 13 ते 16 किलोमीटर धावतो.

सुरुवात ऑसकिकपासून. लहान मुलांसाठी शनिवारी किंवा रविवारी सकाळी तास-दीड तासाचा वर्ग असतो. तिथे निवडबिवड काही नाही. त्यानंतर स्थानिक क्लबच्या वयोगटांत, आमच्या भागात वेस्टर्न रीजन फुटबॉल लीगमध्ये. टॅकल टप्प्याटप्प्यानं येतं: अगदी लहानांना अजिबात नाही, पुढे नुसतं धरून ठेवणं, आणि अंडर-11 पासून पूर्ण टॅकल. आपल्याकडच्या मुलांची खरी अडचण इथे सुरू होते. ज्यांच्या घरात अंगाला अंग भिडवणारा खेळ कोणी खेळलेलं नाही, ती मुलं जमिनीवरचा चेंडू उचलायला डोकं पुढे घालून सरळ वाकतात, आणि समोरून येणाऱ्याचा मांडीचा किंवा कमरेचा दणका थेट डोक्याला बसतो. चेंडूकडे आडव्या अंगानं जायचं, गुडघे वाकवायचे, खांदा आणि कुल्ला येणाऱ्याच्या बाजूला ठेवायचा, डोकं त्याच्या रेषेबाहेर. टॅकल करतानाही तेच: डोकं समोरच्याच्या अंगाच्या बाजूला, पोटासमोर नाही, हात खांद्यांच्या खाली आणि गुडघ्यांच्या वर. कबड्डी खेळलेल्या बाबांनी पकड शिकवायला जाऊ नये, पाय ओढणं इथे चालत नाही. हे महिनाभर हळू वेगात करून घेणारा प्रशिक्षक मिळाला तर क्लब चांगला समजावा, मग तो शेवटच्या क्रमांकावर का असेना.

दुसरी गोष्ट लाथेची. सगळा खेळ ड्रॉप पंट नावाच्या लाथेवर चालतो. शेरिन कंपनीचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, कातडी, पूर्ण आकार म्हणजे 5 नंबर. एएफएलडब्ल्यूमध्ये, म्हणजे महिलांच्या एएफएलमध्ये, मुली 4 नंबरनं खेळतात. चेंडू उभा धरायचा, शिवणीची दोरी पुढच्या बाजूला, दोन्ही हात दोन बाजूंना. धावत येताना ज्या पायानं मारायचं त्याच बाजूच्या हातानं चेंडू खाली न्यायचा आणि शक्य तितक्या उशिरा, पायाच्या जवळ सोडायचा. बुटाची बोटं ताणून पुढे, आणि चेंडूचं खालचं टोक पावलाच्या वरच्या कडक भागावर, बुटाच्या नाडीवर बसलं पाहिजे. मग तो स्वतःभोवती मागे उलटत सरळ जातो आणि पकडणाऱ्याला सोपा पडतो. बिघडतं ते जवळजवळ नेहमी सोडण्यात. छातीच्या उंचीवरून सोडला तर खाली येईतो कलतो, वारा असेल तर वळतोच. पाय शरीरासमोरून आडवा फिरला तर चेंडू बाजूला वाकतो. मूल लाथ जोरात मारायचा प्रयत्न करत असेल तर त्याला थांबवून नुसतं सोडणं तपासावं. जोर आपोआप येतो. आणि दोन्ही पाय. सतराव्या वर्षी रिक्रूटर, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारे लोक, मैदानाच्या कडेला उभे राहून हेच टिपत असतात की दाबाखाली मुलगा उलट्या पायानं मारतो की वळून आपल्या पायावर यायला बघतो आणि पकडला जातो.

क्रिकेट खेळलेल्या मुलांचा फायदा हातांत दिसतो, पण एक सवय मोडावी लागते. उंच आलेला चेंडू ती पोटाशी, खालून हात करून घेतात. मार्क डोक्यावर घ्यायचा असतो, बोटं वर, अंगठे एकमेकांजवळ, हात पुढे ताणलेले. खालून घेतला तर मागचा खेळाडू मूठ घालून उडवतो.

ज्युनियर संघ पालकांवर चालतो. सीमारेषेचा पंच, गोल पंच, वेळ मोजणारा, पाणी नेणारा, निरोप नेणारा रनर, असा तक्ता दर आठवड्याला लागतो आणि मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रौढाला व्हिक्टोरियात वर्किंग विथ चिल्ड्रन चेक काढावा लागतो. आपली मंडळी सुरुवातीला गाडीत बसून राहतात. तसं करू नये. गोल पंच म्हणून पांढरा झेंडा हातात घेऊन उभं राहिलं की दोन महिन्यांत खेळ कळतो, आणि क्लबमधली माहितीही तिथेच मिळते: कोणत्या मुलाला कुठे चाचणीला बोलावलं, कोणाचं नाव कोणी पुढे केलं.

पुढचा टप्पा टॅलेंट लीग. 1992 मध्ये सुरू झालेली ही अंडर-18 स्पर्धा अनेक वर्षं टीएसी कप म्हणून ओळखली जायची. व्हिक्टोरिया 12 विभागांत वाटलेला आहे. पश्चिमेकडची मुलं वेस्टर्न जेट्सकडे, वायव्येची कॅल्डर कॅनन्सकडे, जिलाँगची फाल्कन्सकडे, असं. तुम्ही राहता तो पत्ता किंवा तुमचा स्थानिक क्लब यावरून विभाग ठरतो, निवडता येत नाही. त्याआधी 14-15 वयापासून विभागीय तुकड्या असतात. मोठा संघ नोव्हेंबरात सराव सुरू करतो आणि मार्चपर्यंत मुलं गाळत जातो. आठवड्याला दोन-तीन संध्याकाळी सराव, शिवाय व्यायामशाळा. दक्षिण ऑस्ट्रेलियात हेच काम तिथल्या राज्य लीगच्या, एसएएनएफएलच्या, अंडर-18 मध्ये होतं, पश्चिम ऑस्ट्रेलियात डब्ल्यूएएफएल या राज्य लीगच्या तरुण संघांत, कोल्ट्समध्ये.

इथे वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. डिसेंबरात जन्मलेला मुलगा आपल्याच गटात अकरा महिन्यांनी लहान असतो आणि चौदाव्या वर्षी हा फरक भयंकर दिसतो: एकाच्या गालावर लव आणि दुसरा अजून आवाज न फुटलेला. विभागीय तुकडीत नाव आलं नाही म्हणून त्या वयात खेळ सोडवू नये. टॅलेंट लीगमध्ये 19 वर्षांच्या मुलांनाही मर्यादित जागा असते, आणि उंच मुलं तर बावीस-तेविसाव्या वर्षापर्यंत भरत असतात. उशिरा फुललेल्यांची उदाहरणं खूप आहेत. डेन स्वान 2001 च्या ड्राफ्टमध्ये 58 व्या क्रमांकावर निवडला गेला आणि 2011 मध्ये हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक जिंकला. जेम्स हर्डचा क्रमांक 1990 मध्ये 79 होता.

टॅलेंट लीगमधून सर्वांत चांगली मुलं राष्ट्रीय अंडर-18 स्पर्धेत जातात: विक मेट्रो, विक कंट्री, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया, आणि उरलेल्या राज्यांचा एकत्र संघ अलाइज. तिथले तीन-चार सामने वर्षभराच्या बाकी खेळापेक्षा जास्त बारकाईनं पाहिले जातात, कारण समोर तोलामोलाची मुलं असतात. मोठ्या खासगी शाळांच्या शिष्यवृत्त्या याच वयात येऊ लागतात. शाळेचे सामने आणि टॅलेंट लीगचे सामने एकाच शनिवारी येतात. शाळा पहिला हक्क सांगते. शिष्यवृत्तीचा कागद सही करण्याआधी हे विचारून घ्यावं.

आशियात जन्मलेल्या आईबापांनी एक व्यवस्था नीट समजून घ्यावी. 2016 पासून क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन अकादमी आहेत. आदिवासी आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरची मुलं, तसंच ज्यांचे आई किंवा वडील आफ्रिकेत वा आशियात जन्मले आहेत अशी मुलं त्यांत येऊ शकतात. म्हणजे पुण्यात किंवा नागपुरात जन्मलेल्या आईचा मुलगा पात्र ठरतो. प्रत्येक क्लबला प्रदेश वाटून दिलेला आहे. फायदा असा की त्या क्लबचा सराव, आहारतज्ज्ञ, मैदान लवकर पाहायला मिळतं, आणि ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्लबनं मुलाचं नाव पुकारलं (त्याला बोली म्हणतात) तर त्या क्रमांकाला ठरलेले गुण आपल्या क्रमांकांतून खर्चून हा क्लब मुलाला घेऊ शकतो. वेस्टर्न बुलडॉग्जनी 2020 मध्ये जमारा यूगल-हेगनला असंच पहिल्या क्रमांकावर घेतलं. त्यानंतर वरच्या क्रमांकांवर अशी बोली जुळवायचे नियम कडक झाले, पुन्हा सैल झाले. त्यामुळे ज्या वर्षी मुलगा पात्र होतो त्या वर्षीचा नियम विचारावा, जुन्या बातमीवर जाऊ नये. अकादमीत नाव असणं म्हणजे करार नव्हे. आपल्या लोकांत ही गैरसमजूत फार पसरलेली आहे. बाप ज्या क्लबकडून 100 सामने खेळला त्या क्लबला मुलावर असाच हक्क मिळतो, पण तो नियम आपल्या पिढीला लागू होत नाही, पुढच्या एखाद्याला होईल.

आता ड्राफ्टचं वर्ष. त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत 18 पूर्ण होत असतील तर मुलगा पात्र, आणि त्याला स्वतः नामांकनाचा अर्ज भरावा लागतो. चांगला खेळला म्हणून नाव आपोआप जात नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कम्बाइन, म्हणजे शारीरिक चाचण्या आणि मुलाखतींचं शिबिर. ज्यांच्यात अनेक क्लबांना रस आहे त्यांना राष्ट्रीय कम्बाइनचं बोलावणं येतं, बाकीच्यांना राज्याच्या. 20 मीटर धाव, वळणांची चपळाई चाचणी, उभ्यानं आणि धावत उंच उडी, 2 किलोमीटर धाव. 20 मीटर 3 सेकंदांच्या आत म्हणजे खरोखर वेगवान. 2 किलोमीटर साडेसहा मिनिटांत बरं, 6 मिनिटांच्या आत उत्तम. पूर्वी चरबी मोजायचे चिमटेही लावत. कोवळ्या मुलांमध्ये खाण्याचे विकार वाढतात म्हणून 2022 पासून ड्राफ्टच्या मुलांवरचं ते थांबवलं, आणि ते फार योग्य झालं.

या आकड्यांना पालक नको तेवढं महत्त्व देतात. दोन वर्षं सामने पाहून क्लबानं मत बनवलेलं असतं. कम्बाइन ते पक्कं करते किंवा शंका काढते. खरं वजन वैद्यकीय तपासणीला आणि मुलाखतीला असतं. जुनी प्रत्येक दुखापत, शस्त्रक्रिया, स्कॅन सांगावं लागतं. लपवलेली पाठदुखी एमआरआयमध्ये दिसतेच, आणि मग प्रश्न पाठीचा न राहता विश्वासाचा होतो.

रिक्रूटर घरीही येतात. चहा-पोहे खुशाल करा, पण मुलाला विचारलेल्या प्रश्नाला आईनं उत्तर देऊ नये. त्यांना पाहायचं असतं की हा पोरगा आपलं आपण बोलतो का, पर्थला किंवा ब्रिस्बेनला एकटा राहील का, त्याचे मित्र कोण, प्रशिक्षकानं बाकावर बसवलं तेव्हा त्यानं काय केलं. ‘अभ्यास महत्त्वाचा की फूटी’ हा प्रश्न आशियाई घरात हमखास येतो. दोन्हीचं वेळापत्रक कागदावर असेल तर तेच दाखवावं, त्याहून चांगलं उत्तर नाही.

आणि ते वेळापत्रक खरंच अवघड असतं. व्हीसीईच्या, म्हणजे व्हिक्टोरियातल्या बारावीच्या, लेखी परीक्षा ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. कम्बाइन त्याच्या तोंडावर, ड्राफ्ट लगेच नंतर, आणि एटारचा, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या क्रमांकनाचा, निकाल डिसेंबरात, म्हणजे मुलगा तोवर दुसऱ्या राज्यात सराव करत असण्याची शक्यता. यावर चांगला मार्ग व्हीसीई तीन वर्षांत विभागण्याचा. दहावीतच एक-दोन विषय उरकले की बारावीत चार राहतात. हे दहावीला ठरवावं लागतं, बारावीच्या जूनमध्ये नाही. विद्यापीठाची जागा घेऊन ती पुढे ढकलता येते. अर्ज मात्र वेळेत करावा, ड्राफ्ट होईलच या भरवशावर सोडू नये.

ड्राफ्टमध्ये क्लब गुणतक्त्याच्या उलट क्रमानं निवडतात, पण खरेदी-विक्रीत क्रमांक इकडचे तिकडे झालेले असतात. पहिली फेरी एका संध्याकाळी टीव्हीवर, थाटात. बाकीच्या दुसऱ्या दिवशी झपाट्यानं. पाठोपाठ रुकी ड्राफ्ट. राष्ट्रीय ड्राफ्टमधून निवडलेल्याला निदान 2 वर्षांचा करार मिळतो, रुकीला साधारण 1 वर्षाचा. नाव आलं नाही तरी दारं उरतात: उन्हाळ्यात एखाद्या क्लबबरोबर सराव करून रिकाम्या जागेवर जाणं, व्हीएफएलच्या, म्हणजे एएफएलच्या खालच्या पातळीच्या लीगच्या, संघात खेळणं, आणि 2019 पासून पुन्हा सुरू झालेला हंगामाच्या मध्यातला ड्राफ्ट. मार्लियन पिकेट 27 वर्षांचा असताना रिचमंडनं त्याला या मार्गानं घेतलं आणि त्याचा पहिलाच एएफएल सामना 2019 चा ग्रँड फायनल होता, जो रिचमंड जिंकलं. जाय न्यूकम 2021 मध्ये असाच हॉथॉर्नला आला आणि त्यांच्या मधल्या फळीचा कणा झाला. म्हणून नोव्हेंबरात नाव आलं नाही तर डिसेंबरात व्हीएफएल क्लबशी बोलावं, घरी बसू नये.

निवड झाली की काही दिवसांत सराव सुरू. पहिल्या ते चौथ्या वर्षाचे खेळाडू मोठ्यांच्या आधी येतात. बाहेरगावचा मुलगा पहिलं वर्ष बहुधा एखाद्या कुटुंबाकडे राहतो, ती सोय क्लब करतो. आणि पहिल्या प्री-सीझनमध्ये दुखापत होते, कारण आठवड्याच्या तीन सरावांवरून शरीर एकदम पूर्णवेळ कामावर येतं. नडगीच्या आणि कमरेच्या हाडाला ताणाच्या चिरा, जांघेच्या हाडाची सूज, हॅमस्ट्रिंग. म्हणून क्लब नव्या मुलाला मुख्य सरावातून अर्ध्यावर बाहेर काढतात. दोन खांद्यांच्या मध्ये बनियनच्या खिशात जीपीएसचा डबा असतो, काडेपेटीहून थोडा मोठा. एकूण अंतर, जोराच्या धावा, थांबणं-वळणं सगळं त्यात नोंदलं जातं आणि पुढच्या आठवड्याचा भार त्यावरून ठरतो. मुलाला वाटतं आपण मागे पडतोय, मग तो संध्याकाळी एकटा जाऊन डोंगर चढतो. ते धावणं डब्यात नसतं, हिशेब चुकतो, आणि पंधरा दिवसांत पोटरी किंवा मांडी जाते. घरच्यांनी ‘अजून थोडं पळ’ म्हणायचं नाही, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

हंगाम मार्च ते सप्टेंबर. शनिवारचा सामना धरला तर रविवारी पोहणं, मालीश, दुखापतींची तपासणी. सोमवारी सामन्याची चित्रफीत, आधी सगळ्यांसमोर, मग बचाव-मध्य-आक्रमण अशा गटांत. मग व्यायामशाळा आणि हलका सराव, एक सुट्टीचा दिवस, सामन्याच्या दोन दिवस आधी मुख्य सराव, आदल्या दिवशी छोटा. पुढचा सामना सहा दिवसांत असेल तर मधलं सगळं आक्रसतं आणि मुख्य सरावात धावणं कापलं जातं. वरच्या संघात 22-23 जण. बाकीचे राखीव पातळीवर खेळतात. व्हिक्टोरिया, सिडनी, क्वीन्सलँडचे क्लब व्हीएफएलमध्ये, ॲडलेडचे दोन एसएएनएफएलमध्ये, फ्रीमँटलचे पील थंडरकडून. पहिली दोन वर्षं बहुतेकांची तिथेच जातात. व्हीएफएलमध्ये तीस वेळा चेंडू मिळवूनही वर बोलावणं येत नाही, तेव्हा कारण बहुधा आकड्यात नसतं: चेंडू आपल्याकडे नसताना तो ठरलेल्या जागी उभा होता का, हे प्रशिक्षक पाहत असतो.

दुखापतींत हॅमस्ट्रिंग सर्वांत जास्त. घाईनं परतलं तर तीच पुन्हा. गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध, एसीएल, गेला की जवळपास वर्ष. रकमन, म्हणजे मध्यावर चेंडूसाठी उडी मारणारे दोन उंच खेळाडू, लांबून धावत येऊन गुडघ्यावर गुडघा आपटत आणि मागचा अस्थिबंध तुटे. म्हणून दोन दशकांपूर्वी मध्यवर्तुळाबाहेर 10 मीटर व्यासाचं दुसरं वर्तुळ आखलं आणि धाव तिथूनच सुरू करायची असा नियम केला. नियमानं दुखापत कमी करता येते याचं ते चांगलं उदाहरण. डोक्याच्या माराबद्दल आता तडजोड नाही: एएफएलमध्ये कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा, झालेला खेळाडू लवकरात लवकर 12 व्या दिवशी परततो, स्थानिक फूटीत 2024 पासून किमान 21 दिवस. मूल ‘मला बरं वाटतंय’ म्हणेल. ते ऐकायचं नाही.

औषधांबद्दल आपल्या घरांनी विशेष जपायला हवं. उत्तेजकांच्या नियमात अंगात काय सापडलं एवढंच मोजलं जातं, कसं आलं ही सबब चालत नाही. एसेंडन क्लबच्या पूरक इंजेक्शनांच्या कार्यक्रमातल्या 34 आजी-माजी खेळाडूंवर जानेवारी 2016 मध्ये बंदी आली आणि त्यांचा अख्खा हंगाम गेला. भारतातून येताना आणलेलं अश्वगंधाचं चूर्ण, जिमवाल्या मित्राची प्रथिन भुकटी, सर्दीची गोळी, हे सगळं त्याच कक्षेत येतं. ज्या डब्याचा प्रत्येक घाणा प्रयोगशाळेत तपासलेला आहे तोच घ्यावा. औषध निषिद्ध आहे का हे ग्लोबल डीआरओच्या संकेतस्थळावर ऑस्ट्रेलियाच्या यादीत पाहावं. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन सामन्याच्या दिवशी ठरलेल्या प्रमाणाबाहेर निषिद्ध आहे. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप मर्यादेत चालतो, दुसऱ्या काही पंपांना आधी परवानगी लागते. जेवण मात्र आपलंच चालतं. शाकाहारी मुलाला प्रत्येक जेवणात डाळ, पनीर, दही, सोया यांतलं काहीतरी भरपूर लागतं. सामन्याआधी तीन तास वरण-भात उत्तम, तळलेलं नको.

तशीच एक सूचना मोबाइलची. कोण दुखापतीमुळे खेळणार नाही ही आतली माहिती सट्टेबाजीसाठी मोलाची असते आणि ती बाहेर देणं खेळाडूला शिक्षा करणारा गुन्हा आहे. काकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आपला पोरगा शनिवारी खेळणार’ हे संघ जाहीर होण्याआधी टाकायचं नाही.

पैशाचं बोलायचं तर 2023 ते 2027 च्या करारानुसार पुरुषांचं सरासरी वेतन 5 लाख 19 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जायचं ठरलं आहे. हा आकडा ऐकून कोणी घर घ्यायला निघू नये. सरासरी वरच्या थोड्या खेळाडूंमुळे फुगते. नव्या मुलाला ठरलेला पायाभूत पगार आणि वरच्या संघातल्या प्रत्येक सामन्याचे वेगळे पैसे मिळतात, म्हणजे राखीव संघात राहिला तर उत्पन्न बरंच कमी. मुलाच्या वतीनं करार ठरवणारा मॅनेजर खेळाडू संघटनेकडे नोंदलेलाच असावा. एकाच क्लबकडे 8 वर्षं झाली की फ्री एजन्सी, म्हणजे करार संपल्यावर दुसऱ्या क्लबकडे जायची मुभा, मिळते, त्या वेळी खरं मोलभाव करता येतं. त्याआधी सूत्रं क्लबकडे. मुलींच्या एएफएलडब्ल्यूमध्ये वाट अशीच, टॅलेंट लीगच्या मुलींच्या गटातून ड्राफ्टपर्यंत. 16 जणींचा संघ, 2017 पासूनची स्पर्धा, आणि पगार अजून इतका कमी की बऱ्याच जणी शेजारी दुसरी नोकरी किंवा शिक्षण ठेवतात. मुलीला खेळवताना हे धरूनच चालावं.

नाव कापलं जाण्याचे दिवस ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. हंगाम संपला की प्रत्येकाची निरोपाची मुलाखत होते, दहा-पंधरा मिनिटांची. पहिला करार संपताना शून्य ते दहा सामने खेळलेल्या मुलाचं नाव कापलं जाणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्यात त्याचा दोष असेलच असं नाही: नवा प्रशिक्षक वेगळ्या बांध्याचा खेळाडू मागतो, किंवा त्याच जागेसाठी क्लबनं दोन मुलं विकत घेतलेली असतात. दुसऱ्या क्लबची बोली त्याच महिन्यात आली तर आली. खेळाडू संघटना शिक्षणासाठी आणि मानसोपचारासाठी मदत देते, माजी खेळाडूंनाही; ती मागायला लाजू नये. जी मुलं आठवड्याच्या मोकळ्या दिवशी विद्यापीठाचा एखादा विषय करत राहतात, त्यांचं कापल्यानंतरचं वर्ष सोपं जातं, हे जवळून पाहिलं आहे.

त्यानंतर बहुतेक जण व्हीएफएल किंवा स्थानिक आणि ग्रामीण लीगमध्ये खेळतात, जिथे सामन्यागणिक पैसे मिळतात. इथे व्हिक्टोरियाची गुणपद्धत समजून घ्यावी. 2016 पासून प्रत्येक खेळाडूवर गुण लावतात आणि एका दिवशी मैदानात उतरणाऱ्या संघाच्या गुणांना मर्यादा असते. नुकताच एएफएल सोडलेला खेळाडू सर्वांत महाग पडतो, त्यामुळे हवा असला तरी क्लब त्याला सहज घेऊ शकत नाही. मात्र लहानपणी ज्या क्लबकडून पुरेशी वर्षं खेळला तिथे परतला तर तो घरचा खेळाडू, फक्त 1 गुण. यासाठी ज्युनियर वर्षांच्या नोंदी प्लेएचक्यू या नोंदणीच्या संकेतस्थळावर आणि त्याआधीच्या जुन्या कागदांवर नीट हव्यात, नावाचं स्पेलिंग एकच हवं. ‘वैभव’ एका वर्षी एका तऱ्हेनं आणि दुसऱ्या वर्षी भलत्याच तऱ्हेनं लिहिलेला असेल तर लीगच्या कार्यालयात दोन वेगळे खेळाडू दिसतात आणि गुण वाढतात. नोंद दुरुस्त करायला आठवडे लागतात आणि क्लिअरन्सची, म्हणजे क्लब बदलायच्या परवानगीची, मुदत 30 जूनला संपते, तेव्हा हे काम हंगाम सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीतच उरकावं.